रंग यायला वीस महिने लागले

परवा रविवारी नेहमीसारखा माझ्या समुद्री प्रवाळांच्या टाकीचा फोटो काढला आणि मागच्या वर्षीच्या जुलैतल्या फोटोशेजारी ठेवला. दोन्हींत तोच खडक, तीच जागा, तोच फांद्या फुटलेला प्रवाळ, अ‍ॅक्रोपोरा. जुन्या फोटोत तो भिजलेल्या लाकडाच्या रंगाचा आहे. नव्यात त्याचा बुंधा हिरवा आहे आणि टोकं गुलाबी. मधल्या काळात एक प्रवाळ मेला, एक मरता मरता वाचला आणि दोनदा टाकी मोडून टाकायचा विचार मनात आला. त्या दिवसांत मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी सगळं क्रमाने सांगावं: कधी काय दिसतं, किती थांबावं लागतं, कुठे पैसे घालावेत आणि कुठे घालू नयेत. म्हणून माझ्या वहीतून हे उतरवून काढते आहे.

१४ जानेवारी २०२३ ला टाकी भरली. खडक आणि वाळू वजा जाता, खालच्या सम्पसकट, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीसकट, साधारण २०० लिटर पाणी. हा आकडा सुरुवातीलाच नीट काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि त्याचा उपयोग आजपर्यंत होतो आहे, कारण पुढे प्रत्येक औषधाचा, प्रत्येक क्षाराचा हिशेब याच आकड्यावर होतो. पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, म्हणजे विरघळलेले क्षारही काढून टाकणाऱ्या फिल्टरचं, आणि ते क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबंही येतं, आणि तांबं अपृष्ठवंशी जीवांना अगदी थोड्या मात्रेतही सोसत नाही. त्यामुळे या फिल्टरवर काटकसर करू नये.

मग वाट पाहणं, टाकीत उपयोगी जिवाणू रुजेपर्यंत. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलं, उतरलं. शेवटी नायट्रेट उरलं. याला ४२ दिवस लागले. मार्चमध्ये वाळूवर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर आला, तोही आपोआप गेला. त्याच महिन्यात दोन छोटे मासे, काही गोगलगाई, एक लाल डिस्कोसोमा मशरूम (अळंबीसारखा दिसणारा मऊ प्रवाळ) आणि झोअँथिड या चटईसारख्या पसरणाऱ्या मऊ जीवाचा एक तुकडा आणला. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा खडक गरम पाण्यात उकळू तर कधीच नये, कारण वाफेतून विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात गेलेली आहेत. हे मला तुकडा घरी आणल्यानंतर कळलं. तुम्हाला आधी कळावं.

ज्यासाठी टाकी केली ते दगडी प्रवाळ मात्र जूनपर्यंत आले नाहीत. त्यातला बराच वेळ कागदपत्रांत गेला, आणि तो गेला याचं वाईट वाटत नाही. दगडी प्रवाळांचा अख्खा गण साइटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे तर परवाना लागतो. त्याशिवाय प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा वेगळा असतो आणि काही ठिकाणी जिवंत दगडी प्रवाळ घरी ठेवणंच बेकायदा आहे. त्यामुळे टाकी घेण्याआधी आपल्याकडचा कायदा वाचा; मी तो टाकी भरल्यावर, एप्रिलमध्ये वाचला आणि तोवर पोटात गोळा होता. समुद्रातून तोडलेला प्रवाळ घ्यायचा नाही हे पक्कं होतं. मला टाकीतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, हवे होते. विक्रेत्याने सुरुवातीला नुसती पावती देऊ केली. मूळ वसाहतीच्या परवान्याचा क्रमांक असलेली प्रत मागितली, ती यायला तीन आठवडे लागले. ती प्रत आजही वहीच्या मागच्या खिशात आहे. पुढे कुणाला फ्रॅग द्यायचा झाला तर तिचीच नक्कल द्यावी लागते.

३ जूनला पाच फ्रॅग घरी आले: थाळीसारखी वाढणारी मॉन्टिपोरा कॅप्रिकॉर्निस, बोटांसारखी मॉन्टिपोरा डिजिटाटा, काटेरी घरट्यासारखी दिसणारी सिरिएटोपोरा, आणि दोन अ‍ॅक्रोपोरा, एक मिलेपोरा आणि एक टेन्युइस. टेन्युइसच्या टोकांना निळी झाक होती. प्रत्येकाला औषधाच्या पाण्यात बुडवून काढलं आणि चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी अशा पाण्यात गळून पडतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. अंडी बहुधा बुडाशी, उघड्या सांगाड्यावर चिकटलेली असतात. म्हणून ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, फ्रॅग चिकटवलेला येतो तो प्लगच काढून टाकला आणि नव्यावर बसवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाचही मुख्य टाकीत गेले, आणि महिना संपेपर्यंत पाचही तपकिरी झाले.

इथे जरा थांबून तपकिरी म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि पुढच्या सगळ्या चुका त्यातूनच झाल्या. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे दहा लाखांच्या घरात. ते प्रकाशातून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. या शैवालाचा स्वतःचा रंग सोनेरी-तपकिरी असतो, पेरिडिनिन आणि क्लोरोफिलमुळे. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर आणि उजेड कमी असेल तर शैवालाची गर्दी वाढते आणि आपल्याला तेवढंच दिसतं. गुलाबी, जांभळा, निळा, हिरवा हे रंग शैवालाचे नाहीत, ते प्रवाळाचे स्वतःचे. ते वेगळ्या प्रथिनांमुळे येतात. काही प्रथिनं निळा प्रकाश घेऊन हिरवा किंवा लाल परत देतात, म्हणजे चमकतात. काही चमकत नाहीत, नुसता रंग दाखवतात. जांभळे आणि निळे बरेचसे यातले. यातल्या चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचा शोध ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये लावला, आणि त्या कामासाठी त्यांना आणखी दोघांसोबत २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल प्रथिन १९९९ मध्ये डिस्कोसोमात सापडलं, माझ्या टाकीच्या तळाशी बसलेल्या त्या मशरूमच्याच कुळात. हे वाचलं तेव्हा किती वेळ मी त्या मशरूमकडे बघत बसले होते.

म्हणजे रंगासाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात: शैवाल किती आहे, आणि प्रवाळ स्वतःचं रंगद्रव्य किती बनवतोय. मला तेव्हा यातली पहिलीच दिसली, तीही अर्धीच.

३० जुलैची नोंद: नायट्रेट २५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग), फॉस्फेट ०.२२. मी ठरवलं, पाणी घाण आहे, स्वच्छ करायचं. फेरिक ऑक्साइडचे दाणे घातले, ते फॉस्फेट शोषून घेतात. जिवाणूंना खाद्य म्हणून रोज व्हिनेगर सुरू केलं, त्याने नायट्रेट उतरतं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. तीन आठवड्यांत, २० ऑगस्टला, दोन्ही आकडे शून्य. प्रवाळ खरंच उजळले. तपकिरी गेला, फिकट गुलाबी, फिकट पिवळा दिसू लागला. मी आनंदाने फोटो काढले, घरात सगळ्यांना बोलावून दाखवले.

ते उजळणं नव्हतं, उपासमार होती. शैवाल उपाशी पडून कमी झालं होतं, आणि पोसायला कुणी उरलं नाही म्हणून प्रवाळाचं मांसही पातळ झालं होतं. खालचा पांढरा सांगाडा त्यातून दिसत होता, म्हणून रंग फिका. फिका रंग आणि तेजस्वी रंग यातला फरक आता मला दुरून कळतो. फिक्या प्रवाळाची त्वचा काचेसारखी पारदर्शक दिसते आणि पॉलिप, म्हणजे प्रवाळाची इवली तोंडं, दिवसभर आत ओढलेले राहतात. तेजस्वी प्रवाळ भरीव दिसतो, गच्च, आणि त्याचे पॉलिप लोकरीसारखे बाहेर असतात. ही खूण लक्षात ठेवा, ती कुठल्याही टेस्ट किटच्या आधी सांगते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडून झिजू लागली. अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण, मी ९.५ डीकेएचवर (डीकेएच हे ती मोजायचं एकक) ठेवली होती, वाढ लवकर व्हावी म्हणून. समुद्रात ती सातच्या आसपास असते. अल्कलिनिटी जास्त असली की सांगाडा भराभर वाढू पाहतो, पण पाण्यात पोषण नसलं तर त्यावर चढायला मांस पुरत नाही. १४ सप्टेंबरच्या सकाळी टेन्युइसच्या बुडाशी पांढरी कड दिसली. दुपारपर्यंत ती अर्ध्यावर आली. मी वरचा निरोगी वाटणारा भाग कापून वेगळा लावला, पण दुसऱ्या दिवशी तोही गेला. निळी टोकं शेवटपर्यंत निळीच होती.

ती रात्र फार वाईट गेली. एक जीव माझ्या हाताखाली मेला होता आणि तोही माझ्याच मेहनतीमुळे. ओळखीत एक गृहस्थ आहेत, बारा-चौदा वर्षं प्रवाळ सांभाळणारे. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही. त्यांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, तुमच्या टाकीत मासे किती? त्यांना पोटभर खायला घालता का?” मी म्हटलं, नाही, पाणी बिघडेल म्हणून कमी घालते. ते म्हणाले, “मग प्रवाळांनी खायचं काय?”

पण खायला घालायला सुरुवात करायच्या आतच ऑक्टोबर उजाडला आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव आले. वाळूवर, खडकांवर, प्रवाळांच्या फांद्यांवरही तपकिरी चिकट धागे, त्यांत हवेचे बुडबुडे. रात्री नाहीसे होत, दुपारी परत. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की नेहमीचं शैवाल आणि जिवाणू मागे पडतात आणि रिकामी झालेली जागा हे घेतात. चार गोगलगाई मेल्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून पाहिला: एका टोकाला निमुळत्या, थेंबासारख्या दिसणाऱ्या पेशी एका टोकावर गरगर फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेटची एक जात. ओळख पटवणं महत्त्वाचं, कारण ही जात रात्री पाण्यात तरंगते आणि टाकीचं पाणी ज्यातून फिरतं त्या यूव्ही (अतिनील) दिव्यात सापडते, तर वाळूत राहणाऱ्या जातींवर यूव्हीचा फारसा उपयोग होत नाही. सूक्ष्मदर्शक विकत घ्यायची गरज नाही. मी शाळकरी मुलांचा वापरला आणि तो पुरला.

फेरिक ऑक्साइड काढून टाकलं, व्हिनेगर हळूहळू बंद केलं, पाणी बदलणं थांबवलं. माशांना दिवसातून तीनदा खाणं. नायट्रेट वर येईना म्हणून सोडियम नायट्रेट घातलं. हिशेब सोपा आहे: एका ग्रॅममध्ये सुमारे ०.७३ ग्रॅम नायट्रेट असतं, म्हणजे २०० लिटरमध्ये ३.६ पीपीएमची वाढ. मी एका दिवसात एक ग्रॅमच्या वर कधी गेले नाही. यूव्ही दिवा दादांकडून उसना आणला. धागे दर संध्याकाळी बारीक नळीने ओढून काढले आणि ते पाणी गाळून परत टाकीत सोडलं. यात अकरा आठवडे गेले. रोज संध्याकाळची वीस मिनिटं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाळू पांढरी राहिली, आणि राहिलीच.

याच काळात, ६ नोव्हेंबरला, पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक मूलद्रव्य मोजून घ्यायला, पाठवला होता. अहवाल २१ तारखेला आला आणि त्यात पोटॅशियम ३६५ पीपीएम होतं, जिथे समुद्रात ४०० च्या जवळपास असतं. मॅग्नेशियम ११८०. स्ट्रॉन्शियम ७.३. सगळ्यांसमोर लाल खूण. मी पोटॅशियमची बाटली मागवायच्या बेतात होते. रात्री वहीत आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं, की सगळेच जवळपास सारख्याच प्रमाणात कमी आहेत, आठ-नऊ टक्क्यांनी. कुठलंच मूलद्रव्य एकटं कमी नव्हतं. मिठाचं पाणीच पातळ होतं. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवत होता, प्रत्यक्षात क्षारता ३२ होती. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मी रोज वेगळी घालत असल्यामुळे ते दोन आकडे ठीक दिसायचे आणि बाकीचं त्यांच्याआड लपलं होतं.

रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून घेणं पुरेसं नसतं. ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग) प्रमाण द्रावण मिळतं, त्याने जुळवा, आणि महिन्यातून एकदा परत जुळवा. या छोट्या बाटलीने मला दहा मोठ्या बाटल्यांपासून वाचवलं. क्षारता वाढवायलाही घाई केली नाही. उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्या पाण्याऐवजी खारं पाणी भरलं, आठवड्याला एक पीपीटी या वेगाने, तीन आठवडे. डिसेंबरच्या मध्यात पोटॅशियम न घालताच ठिकाणावर आलं.

फॉस्फेटच्या मोजणीबद्दलही एक सांगून ठेवते. काही अंकीय मापकं फॉस्फेट दाखवत नाहीत, फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये (अब्जात भाग). त्याला ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. पडद्यावर २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६. ही गुणाकाराची ओळ मी मापकाच्या पाठीवर चिकटवून ठेवली आहे.

जानेवारी २०२४ ला आकडे असे होते: क्षारता ३५, तापमान २५.५, अल्कलिनिटी ७.८, कॅल्शियम ४२५, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०७. पाणी जागेवर होतं. प्रवाळांची अंगं पुन्हा भरली होती, पॉलिप बाहेर येत होते. आणि सगळे परत तपकिरी होते.

या वेळी मात्र मी घाबरले नाही, कारण या तपकिरीचा अर्थ आता कळत होता: शैवाल ठीक आहे, प्रवाळ धष्टपुष्ट आहे, पण त्याला रंग बनवायचं कारण मिळत नाहीये. हे रंगद्रव्य उथळ पाण्यातल्या प्रवाळासाठी बऱ्याच अंशी छत्रीचं काम करतं. तीव्र प्रकाशातून आतल्या शैवालाला वाचवणारी छत्री. ऊन नसेल तर छत्री कोण उघडेल? शिवाय ती उघडायला निळा प्रकाश विशेष कारणीभूत ठरतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

पार मीटर, म्हणजे प्रवाळातल्या शैवालाला वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र, चार दिवसांसाठी भाड्याने घेतला. माझ्या मते या छंदात भाड्याने घ्यावी अशी हीच पहिली वस्तू. विकत घेतली तर पुढे वर्षभर कपाटात पडून राहते. टाकीत तीसेक ठिकाणी मोजलं आणि कागदावर नकाशा काढला. खडकाच्या माथ्यावर ३४०, मधल्या टप्प्यावर १८०, आणि मिलेपोरा जिथे होता तिथे फक्त ९५, वरच्या कपारीच्या सावलीत. झोअँथिड मात्र माथ्याजवळ ३०० च्या उजेडात आक्रसून बसले होते. सहा महिने मी डोळ्यांनी बघून ‘भरपूर उजेड आहे’ म्हणत होते. माणसाचे डोळे निळ्या प्रकाशाची तीव्रता फार कमी लेखतात आणि कमी उजेडालाही सरावतात. त्यांच्या भरवशावर दिवा लावू नये.

मिलेपोरा ९५ वरून २५० वर न्यायचा होता. एकदम नेला असता तर भाजला असता. दर दोन आठवड्यांनी एकेक पायरी वर, प्रत्येक पायरी ४० ते ५० ची. दिवा रोज दहा तास, त्यातले आठ पूर्ण तीव्रतेचे. निळा आणि जांभळा भाग जास्त, पांढरा कमी. प्रवाहाचे पंपही त्याच वेळी बदलून बसवले, कारण जास्त उजेडात प्रवाळाला पाण्याची हालचालही जास्त लागते. एका दिशेचा सतत मारा नाही, आलटून पालटून येणारी लाट हवी.

अल्कलिनिटीचा खप याच सुमाराला वाढला, रोज ०.२ वरून ०.६ डीकेएचवर. मला हा आकडा रंगाइतकाच आनंद देतो, कारण प्रवाळ सांगाडा बांधतोय याचा तो सरळ पुरावा असतो. २०० लिटरला एक डीकेएच चढवायला सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणजे रोज साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि सोबत त्याच प्रमाणात कॅल्शियम क्लोराइड. हे दोन वेगवेगळ्या पंपांनी, दिवसभरात चोवीस वेळा थोडंथोडं घालते. दोन्ही एका वेळी एका जागी पडली तर पांढरा साका होतो. हे छोटे पंप महाग वाटले होते, पण घेतल्यापासून अल्कलिनिटी ७.७ ते ८ च्या बाहेर गेलेली नाही.

फेब्रुवारीत काहीच दिसलं नाही. मार्चमध्ये काहीच दिसलं नाही. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, म्हणून दर रविवारी एकाच वेळी, एकाच जागेवरून, दिव्याचा पांढरा भाग वाढवून फोटो काढायची सवय लावून घेतली. हे फार उपयोगी पडलं. नुसत्या निळ्या उजेडात सगळंच चमकतं आणि आपण स्वतःला फसवतो. न चमकणारी जांभळी-निळी रंगद्रव्यं पांढऱ्या उजेडातच खरी दिसतात.

७ एप्रिलच्या फोटोत मॉन्टिपोराच्या थाळीला कडेने जांभळी रेघ होती. जेमतेम दोन मिलिमीटरची. वाढत्या कडेवर शैवाल अजून पोहोचलेलं नसतं, म्हणून प्रवाळाचा स्वतःचा रंग आधी तिथेच दिसतो. मी मागच्या रविवारचा फोटो काढून पाहिला, त्याच्या मागचाही. रेघ मार्चच्या शेवटापासून होती, मला दिसली नव्हती. घरात कुणी नव्हतं. दादांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, “आता काहीही बदलू नका.”

आणि मी मे महिन्यात बदललं. कित्येक महिन्यांत सक्रिय कोळसा वापरला नव्हता, पाण्याला किंचित पिवळी झाक होती, म्हणून एकदम दोन वाट्या कोळसा घातला. दोन दिवसांत पाणी इतकं स्वच्छ झालं, की टाकीची मागची काच जवळ आल्यासारखी वाटली. आठवड्याभरात सिरिएटोपोराचे वरचे शेंडे पांढरट पडले. पिवळेपणा निळा प्रकाश अडवत होता, तो निघून गेल्यावर दिव्याला हात न लावताही उजेड वाढला होता. दिवा १५ टक्क्यांनी उतरवला आणि सहा आठवड्यांत परत चढवला. शेंडे जूनअखेर भरून आले. आता कोळसा दर महिन्याला, दोन चमचे, ठरलेल्या तारखेला.

जूनमध्ये डिजिटाटा नारिंगी झाली, अगदी एकसारखी, बुडापासून टोकापर्यंत. सिरिएटोपोरा जुलैत गुलाबी. मिलेपोराने सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. आधी बुंधा तपकिरीचा शेवाळी झाला, मग हिरवा. ऑगस्टमध्ये टोकांवर गुलाबी ठिपके आले, आणि सप्टेंबरमध्ये ठिपक्यांची टोपी झाली. या पूर्ण काळात पाण्यात नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.०९ होतं. ज्या नायट्रेटला मी पहिल्या वर्षी शत्रू समजले, ते आजही दर पंधरा दिवसांनी थोडं घालावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण टाकीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा दिव्यावर गेला आणि तो सार्थकी लागला. टेस्ट किट, प्रमाण द्रावण आणि दोन पंप यांचा क्रम त्यानंतर. ‘रंग वाढवणारं’ अशा चिठ्ठीच्या सहा बाटल्या पहिल्या वर्षी घेतल्या होत्या, त्यांच्या पैशात पार मीटर बारा वेळा भाड्याने आला असता. आयसीपी तपासणी वर्षातून दोनदा करते, त्याहून जास्त नाही. वेळ म्हणाल तर रोज दहा मिनिटं आणि रविवारी तासभर.

टेन्युइस परत आणलेला नाही. जागा ठेवली आहे, माथ्याजवळ, नकाशावर २८० लिहिलेली. कागदपत्रांसाठी अर्ज गेल्या आठवड्यात केला आहे, तीन-चार आठवडे लागतील असं सांगितलंय. क्वारंटाइनची छोटी टाकी कालच भरली.

मिलेपोराच्या खालच्या बाजूला, जिथे उजेड पोहोचत नाही, तिथे बोटभर भाग अजून तपकिरीच आहे. पॉलिप तिथेही बाहेर असतात, रात्री टॉर्च लावून पाहिलं तर वरच्यांपेक्षा लांब. त्याला हात लावणार नाही.